‘विद्यार्थ्यांच्या लेखणीतून’: कॉलेजांच्या साइटवरचे स्टुडंट ब्लॉग किती खरे? फॉर्म भरणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

कणकवलीत एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बोर्डावर झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्जंट फोटो असं बरंच काही लिहिलंय, पण मे महिन्यात निकाल लागला की पार गणपतीपर्यंत दुकान चालतं ते शेवटच्या ओळीवर: ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. पोरं लॉगिन करतात, आईबाप मागच्या बाकावर डोमिसाइल आणि नॉन-क्रीमिलेयरचे कागद मांडीवर घेऊन बसतात, आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा ऑप्शन फॉर्म उघडला की सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. ‘मॅडम, ह्यां कॉलेज बरां आसा मां?’

मी ते कॉलेज बघितलेलं नसतं. त्यांनीही नसतं. मग कॉलेजची साइट उघडते, ‘लाइफ ॲट कॅम्पस’वर क्लिक होतं, आणि तिथे खाली कुठेतरी ‘स्टुडंट ब्लॉग’ किंवा ‘विद्यार्थ्यांच्या लेखणीतून’ असा एक कोपरा असतो. हसरा फोटो, पहिलं नाव, वर्ष, ब्रँच आणि दीड पान मजकूर. प्रिन्सिपलांचा संदेश कोणी वाचत नाही. प्लेसमेंटचे आकडे फुगवलेले असतात हे आता वाडीवाडीत माहीत झालंय. पण ‘आपल्यासारख्याच एका पोराने लिहिलंय’ म्हटलं की माणूस मऊ होतो. मिक्सर घ्यायचा तर लोक रात्र रात्र रिव्ह्यू वाचतात. चार वर्षांची फी ज्याच्यावर भुलून ठरते, त्या या ब्लॉगांचा रिव्ह्यू मात्र मला कुठे दिसला नाही. यंदा माझ्या भाचीचाच नंबर होता, त्यामुळे तिच्या शेजारी बसून मीही ढीगभर वाचले. तर हा घ्या.

आधी आमची अडचण सांगते, म्हणजे इतकं मनावर का घेतलंय ते कळेल. बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला. 2024 ला 97.51 टक्के, 2025 ला 96.74. पेपरात फोटो येतात, पेढे वाटले जातात, आणि मग तीच पोरं पुणे, नवी मुंबई, कोल्हापूर, सांगलीच्या साइटी चाळत बसतात. इंजिनिअरिंग आपल्याकडे नाही असं नाही. लोणेऱ्याला आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, रत्नागिरीत आहे, खेडजवळ आहे, देवरुखजवळ आहे, इथे कणकवलीतही आहे. पण घाटावर जायची ओढ काही सुटत नाही. आणि कॉलेज बघून यायचं म्हटलं तर फोंडाघाटाने कोल्हापूर, तिथून पुढे पुणे, रात्र गाडीत. दोनचार कॉलेजं नीट बघायची तर लॉजचा खर्च वेगळा, आणि दिवस मोडणार तेही नेमके लावणीच्या तोंडावर. बागायतदार असो की रिक्षावाला, जूनमध्ये कोण जाणार? साइट बघणं हेच आमचं कॉलेज बघणं.

त्यात 2025-26 पासून कॅप राउंडचे, म्हणजे सरकारी एकत्रित ऑनलाइन प्रवेशफेऱ्यांचे, नियम आवळलेत. पहिल्या राउंडला पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, दुसऱ्याला पहिल्या तिनांतलं, तिसऱ्याला पहिल्या सहांतलं, तर सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की. घ्या, नाहीतर पुढच्या कॅप राउंडमधून बाहेर. ‘आत्ता टाकून ठेवू, मग बेटरमेंटला बघू’ हे जुनं गणित गेलं. यादीच्या वरच्या ओळी लिहिताना पोरांचा हात थरथरतो, आणि अशा रात्री एखादा गोड ब्लॉग सातवं कॉलेज उचलून दुसऱ्या नंबरवर नेऊन ठेवतो. मी हे दुकानात बसून बघितलंय.

भाचीचं असंच झालं. पुणे जिल्ह्यातलं एक कॉलेज, नाव देत नाही. त्यांच्या साइटवर एका मुलीचा ब्लॉग होता, ‘कोकणच्या लाल मातीतून आलेली मी’ अशी सुरुवात. भाची देवगडची. तिने वाक्य वाचलं आणि विरघळली. ‘मावशी, बघ ना, आपल्याकडचीच आहे, किती छान सेट झालीय!’

मी पुढे वाचलं. पोस्टवर तारीख सप्टेंबरची. कोकणातली मुलगी पहिल्यांदा घर सोडून बाहेर राहतेय, सप्टेंबरमध्ये लिहितेय आणि गणपतीचा शब्द नाही? सुट्टी मिळाली, नाही मिळाली, गाडीचं तिकीट मिळालं, उभ्याने आले, काहीच नाही? मग मेस. ‘आहार सात्त्विक व पौष्टिक असून घरच्या जेवणाची उणीव भासत नाही.’ हे वाक्य लिहिणारीला मासे माहीत नाहीत, किंवा हे तिने लिहिलेलं नाही. आमच्याकडचं पोर बाहेरगावी गेलं की आईला पहिला फोन अभ्यासाचा नसतो, ‘हयसर मासे गावणत नाय’ हा असतो.

तिसरी गोष्ट खटकली ती म्हणजे ‘येथील शिक्षक केवळ शिकवत नाहीत, तर आयुष्य घडवतात.’ वाक्य अवतरणचिन्हांत घालून गुगलवर टाकलं. त्याच साइटवर मेकॅनिकलच्या एका मुलाच्या ब्लॉगमध्ये जसंच्या तसं, आणि सिव्हिलच्या एकाच्या ब्लॉगमध्ये ‘शिक्षक’च्या जागी ‘प्राध्यापक’ घालून. ही युक्ती फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे, आणि निम्म्या ब्लॉगांचा निकाल तिथेच लागतो.

सिंधुदुर्ग जिल्हा तो केवढासा. कोणाची तरी आतेबहीण कोणाची तरी रूममेट असतेच. ब्लॉगवाली मुलगी वेंगुर्ले तालुक्यातली निघाली आणि सुट्टीला घरीच आली होती. खरीखुरी मुलगी, त्याच कॉलेजची, त्याच ब्रँचची. दुकानात आली, चहा झाला, आणि मी विचारल्यावर हसत सुटली. मोबाइलवर तिने ज्या गुगल डॉकमध्ये लिहिलं होतं तो उघडला, आणि आधीच्या आवृत्त्या दाखवल्या. कॉलेजचं आणि तिचं नाव द्यायचं नाही या अटीवर सांगते.

तिचं मूळ वाक्य: ‘हॉस्टेलला रात्री साडेनऊला पाणी जातं. पहिल्या आठवड्यात केसांना शाम्पू लावला आणि पाणी गेलं, मी बाथरूममध्येच रडले. आता बादल्या भरून ठेवतो.’ साइटवर आलं ते: ‘वसतिगृहातील जीवनाने मला पाण्याचे मोल शिकवले.’

मेसबद्दल तिने लिहिलं होतं की बुधवारी अंडाकरी असते आणि अंडं शोधायला लागतं, मासे नाहीत, बांगड्याचं तिखलं स्वप्नात येतं, पण मेसच्या काकी आजारी पोराला वेगळी पेज करून देतात. त्याचं ‘सात्त्विक व पौष्टिक’ झालं. पेज गेली, काकीही गेल्या.

गणपतीचा परिच्छेद होता. युनिट टेस्ट मधेच आली म्हणून घरी जेमतेम दोन दिवस मिळाले, परतीचं रिझर्व्हेशन नव्हतं, पनवेलपर्यंत दाराशी बसून गेली. तो अख्खा उडवला होता.

आणि शेवटचा असा: ‘एम-टूला (म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपराला) आमचा निम्मा वर्ग बॅक राहिला. मीसुद्धा. पण ते सर रोज सहापर्यंत डिपार्टमेंटला थांबतात. माझा पेपर घेऊन बसले, कुठल्या स्टेपला चुकते ते दाखवलं, पुढच्या वेळी निघाला.’ याचं काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. शिक्षक केवळ शिकवत नाहीत, तर आयुष्य घडवतात.

मला पाण्याचं काही वाटलं नाही. नळाला पाणी कधी येतं नि कधी जातं हे आम्हाला शिकवायची गरज नाही. पण तो सरांचा परिच्छेद बघून मी कपाळावर हात मारला. संध्याकाळी सहापर्यंत थांबून पोराचा पेपर घेऊन बसणारा शिक्षक! त्या साइटवरच्या सगळ्या मजकुरात कॉलेजच्या बाजूने बोलणारी एवढी एकच भक्कम गोष्ट होती, आणि शेजारी ‘बॅक’ हा शब्द आला म्हणून त्यांनी ती स्वतःच्या हाताने खोडली. वाईट कापायला गेले ते चांगलंही त्याच कातरीत गेलं.

मजकूर कापणाऱ्या कॉलेजच्या मॅडमचा मुलीला राग नाही. ‘थोडं पॉझिटिव्ह कर बाळा’ एवढंच म्हणाल्या होत्या, पुढचं त्यांनीच केलं. पैसे नव्हते, कमिटीचं सर्टिफिकेट मिळालं. मी विचारलं, मग हा ब्लॉग तुझा म्हणायचा का? तर म्हणते, ‘मावशी, नाव माझां, फोटो माझो, बाकीचां मॅडमचां.’

भाचीचा चेहरा पडला. ‘म्हणजे सगळं खोटंच का?’ खोटं म्हणता येत नाही, तिथेच तर गोम आहे. आमचे भावजी आंब्यातले. त्यांना विचारा, पेटीच्या वरच्या थरातला आंबा खोटा असतो का? असली हापूस असतो, देवगडचाच असतो. पण वर कुठला ठेवायचा ते पेटी भरणारा ठरवतो. हे ब्लॉग तसे आहेत. ‘खरंच विद्यार्थ्याने लिहिलंय का’ हे शोधण्यात लोक वेळ घालवतात. लिहिलेलं बहुतेक वेळा विद्यार्थ्यानेच असतं. कापायचा अधिकार कोणाच्या हातात होता, ते बघायला हवं.

हे मी माझ्या डोक्याने बोलत नाही. सांगेलीच्या नवोदयला शिकलेला एक मुलगा दुकानात प्रिंट काढायला यायचा, त्याने मला अमेरिकेतल्या एमआयटीच्या ॲडमिशन ऑफिसची साइट दाखवली. (आपल्या पुण्याचं एमआयटी नव्हे, मॅसॅच्युसेट्सचं.) तिथे 2004 पासून विद्यार्थी ब्लॉग लिहितात, आणि लिहिण्याचे त्यांना ऑफिस पैसे देतं. 2009 साली तिकडच्या पेपरात आलं होतं की तासाला 10 डॉलर, आठवड्याला जास्तीत जास्त 4 तास. म्हणजे सरळसरळ कॉलेजचा पगारी लेखक. आपल्याकडे हे ऐकलं तर कोणीही म्हणेल, मग काय विकलेला माल. पण छापण्याआधी ऑफिस त्या मजकुराला हात लावत नाही. पोरं काहीही लिहितात: जिन्यावरून पडल्याचं, गाद्यांचे डोमिनो करून विक्रम मोडायच्या खटपटीचं, झोप न झाल्याचं. 2012 मध्ये एका विद्यार्थिनीने अभ्यासाच्या ओझ्याखाली आपण कसे कोसळलो ते मोकळेपणाने लिहिलं. अर्ज कसा करायचा याची माहिती ज्या साइटवर, त्याच साइटवर. पोस्ट खूप फिरली, आणि साइटवर राहिली.

तर पगार घेऊन लिहिलेलं तिथलं मला फुकट लिहिलेल्या इथल्यापेक्षा जास्त पटलं.

अर्थात तिथेही भाबडेपणाने वाचू नये. लिहिणारे ऑफिसच निवडतं. ज्याला कॉलेज मनातून नकोसं झालंय तो अर्ज करणार नाही, आणि मधेच सोडून गेलेल्याचा ब्लॉग कुठल्याच साइटवर नसतो. शिवाय ज्याच्या दारात जगभरची रांग लागलीय त्याला ‘आमच्याकडे पोरं रडतात’ हे छापणं परवडतं. आपल्याकडे शेवटच्या राउंडनंतरही सीटा रिकाम्या राहतात, स्टाफला जून-जुलैमध्ये ‘ॲडमिशन आणा’ म्हणून गावोगाव फिरवतात. आमच्या दुकानात पॅम्फ्लेट ठेवायला येणारे सर घामाघूम झालेले असतात, बिचाऱ्यांची दया येते. अशा कॉलेजने पाण्याचा परिच्छेद ठेवावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे. कळतं मला. पण म्हणून मी त्या ब्लॉगला स्टार जास्त देऊ का?

कायदा काय म्हणतो? क्लासवाल्यांसाठी केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये नियम काढले: निवड झालेल्या विद्यार्थ्याचं नाव, फोटो, अनुभव जाहिरातीत वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी. सोशल मीडियावर पैसे किंवा फायदा घेऊन कौतुक करणाऱ्यांनी तसं लिहावं, हे जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्येच सांगितलं. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 2022 मध्ये आयएस 19000 हे मानकही आलं, ते ऐच्छिक. कॉलेजच्या साइटवरच्या ब्लॉगखाली ‘हा मजकूर कॉलेजने संपादित केला आहे’ अशी ओळ मी शोधत होते. एकाही ठिकाणी दिसली नाही.

ॲडमिशनच्या पोर्टलांवरचे ‘व्हेरिफाइड स्टुडंट रिव्ह्यू’ थोडक्यात उरकते, कारण त्यांची लायकी तेवढीच. काही पोर्टलं रिव्ह्यू लिहिणाऱ्या पोराला पैसे किंवा व्हाउचर देतात. त्यात एमआयटीसारखं काही नाही. अमुक इतके शब्द भरले की पैसे, त्यामुळे इन्फ्रास्ट्रक्चर गुड, फॅकल्टी गुड, प्लेसमेंट गुड, आणि ‘क्राउड इज ॲव्हरेज’. क्राउड म्हणजे काय ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. त्यातल्या त्यात फीच्या खाली लिहिलेलं वाचावं. ‘एक्झाम फी वेगळी घेतात, बसचे वेगळे’ अशी एखादी चिडकी ओळ तिथे सापडते आणि ती बहुधा खरी निघते.

नवा त्रास चॅटजीपीटीचा. पूर्वी मॅडमनी घासूनपुसून केलेला मजकूर ओळखू यायचा, आता पोरंच आधी घासूनपुसून आणतात. माझ्याकडे प्रोजेक्टच्या प्रिंट काढायला येणाऱ्यांचं रोज बघते ना. शुद्धलेखनाच्या चुका असल्या तर मजकूर खरा, ही माझी जुनी पारख आता चालत नाही. चुका घालून दे म्हटलं तर तो तशाही घालून देतो. त्यामुळे मी आता वाक्याकडे बघत नाही. ॲडमिशनसाठी बिनकामाचा तपशील आहे का, एवढंच शोधते. गेटवर किती वाजता सही करावी लागते. कुठल्या बसस्टॉपवर उतरायचं. पावसात कपडे कुठे वाळत घालतात. लायब्ररीत चार्जिंगचे पॉइंट कुठल्या भिंतीला आहेत. जिथे राहिलाच नाही त्याला हे सुचत नाही, आणि सुचलं तरी एका फोनमध्ये उघडं पडतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. स्टुडंट ब्लॉगपेक्षा शंभर पटीने खरी गोष्ट त्याच साइटवर पडलेली असते आणि तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. कॉलेजचा वार्षिकांक! नॅकसाठी (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) म्हणून हल्ली बरीच कॉलेजं अंक स्कॅन करून पीडीएफ टाकतात. ‘पब्लिकेशन्स’, ‘मॅगझिन’, नाहीतर आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, पानावर खोल कुठेतरी. पहिली वीसेक पानं फोटो आणि संदेशांची, ती सरळ ओलांडा. पुढे विद्यार्थी विभाग येतो. तो ॲडमिशनसाठी लिहिलेला नसतो, आपलं नाव छापून यावं म्हणून लिहिलेला असतो, आणि हौसेने लिहिणारा माणूस सावध राहत नाही. भाचीने आणि मी एका संध्याकाळी तीन कॉलेजांचे अंक वाचले. एकात हॉस्टेलच्या ढेकणांवर अख्खी कविता, यमक जुळवून, संपादक प्राध्यापकांच्या नजरेखालून सुखरूप सुटलेली. एकात एनएसएसच्या शिबिराची आठवण: ट्रक आलाच नाही, सगळे चालत गेले, सर सगळ्यात पुढे. जिमखान्याच्या अहवालात ‘आमचा कबड्डी संघ पहिल्याच फेरीत पराभूत झाला’ असं सरळ लिहिलेलं. असं लिहिणाऱ्या कॉलेजवर माझा विश्वास बसतो.

अंकात आणखी एक गंमत आहे. मागच्या-पुढच्या वर्षांचे दोन अंक शेजारी उघडा आणि विभागवार स्टाफचे ग्रुप फोटो, खालच्या नावांसकट, जुळवून बघा. एका कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात पहिल्या फोटोतले एचओडी आणि एक मॅडम सोडल्या तर दुसऱ्यात सगळे नवे चेहरे. ब्लॉगमध्ये तिथला विद्यार्थी ‘अनुभवी प्राध्यापकवृंद’ म्हणत होता. अनुभवी असतीलही, पण अनुभव दुसऱ्या कॉलेजचा.

आयआयटीवाल्यांचं बरं आहे. तिथे पोरांची स्वतःची वार्तापत्रं चालतात: मुंबईला इनसाइट, खरगपूरला स्कॉलर्स ॲव्हेन्यू, मद्रासला फिफ्थ इस्टेट. ती ॲडमिशनवाल्यांची नसतात, मेसपासून प्लेसमेंटपर्यंत खरडपट्टी काढतात. आपल्या कॉलेजांत तसं काही दिसत नाही. मग वार्षिकांकावर भागवायचं.

पगाराच्या बाबतीत ब्लॉग वाचूच नका. ‘माझ्या सीनियरला 24 लाखांचं पॅकेज लागलं’ हे खरं असू शकतं, सीनियर एकच होता हे ब्लॉग सांगत नाही. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) नियमाने कॉलेजला साइटवर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ ठेवावं लागतं, त्यात प्लेसमेंटचा कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी पगार द्यायचा असतो. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्राच्या कॉलेज क्रमवारीत, भाग घेतलेलं कॉलेज असेल तर त्यांनी भरलेली माहितीही साइटवर ठेवावी लागते, आणि त्यात मीडियन पगार असतो, म्हणजे नोकरी लागलेली पोरं पगाराच्या क्रमाने उभी केली तर मधल्याला किती. त्या 24 लाखवाल्या कॉलेजचा मीडियन 24 च्या पाचव्या हिश्श्याच्याही आत होता. एकाच साइटवर, दोन क्लिकच्या अंतरावर.

तर स्टार. कॉलेजच्या ॲडमिशन सेलने चालवलेले ब्लॉग: पाचपैकी दीड. एक स्टार त्या पोरांच्या मेहनतीला, त्यांनी मुळात बरंच चांगलं लिहिलेलं असतं; अर्धा फोटोंना, कारण मागच्या भिंतीला ओल आली असेल तर फोटोत दिसते, मॅडमना नाही दिसत. पोर्टलांवरचे रिव्ह्यू: एक, फीच्या चिडक्या ओळींसाठी. एमआयटीचे: चार. आमच्या कामाचे नाहीत, पण ब्लॉग कसा असावा ते कळायला एकदा तरी वाचावेत. वार्षिकांक: साडेचार. अर्धा कापला तो कवितांसाठी.

भाचीने शेवटी ते पुण्याकडचं कॉलेज यादीतून काढलं नाही, उलट तिसऱ्यावर ठेवलं. ‘सहापर्यंत थांबणारे सर आहेत ना,’ म्हणाली. दुसऱ्या राउंडला लागलं, फ्रीझ झालं. ब्लॉगवाल्या मुलीचा नंबर तिच्याकडे आहे, हॉस्टेलला कुठल्या मजल्यावर खोली मागायची ते तिने आधीच सांगून ठेवलंय. वरचे मजले नकोत, पहिला माग, टाकीचं पाणी तिथे उशिरापर्यंत टिकतं.

पुढच्या सीझनला दुकानात येणार असाल तर ऑप्शन फॉर्मच्या शेवटच्या दिवशी येऊ नका, साइट हँग असते आणि मीही. आधी या, वार्षिकांक आणि डिस्क्लोजर शोधून देते, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. प्रिंट हवी असेल तर काळी-पांढरी दोन रुपये पान, रंगीत दहा. स्टाफचे फोटो रंगीतच काढा, काळ्या-पांढऱ्यात चेहरे जुळत नाहीत.